आयजीचा कोंडा, बायजीची जीवनसत्त्वे

मुलांच्या पोषणाची चिंता आता घरच्यांनी सोडून द्यावी. ती बिस्किटाच्या पुड्याने आपल्या शिरावर घेतली आहे. आधी गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकायचा. त्याबरोबर बराचसा चोथा, लोह, जस्त आणि ब गटातली जीवनसत्त्वे जातात. उरलेल्या मैद्यात साखर आणि पामतेल कालवायचे, वरून चिमूटभर जीवनसत्त्वे भुरभुरायची आणि पुड्यावर धावणारा मुलगा छापायचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार; इथली बायजी वर पैसेही घेते. मक्याच्या कुरकुरीत नळ्यांचे तर कौतुकच करावे. मक्याचा रवा दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापवून साच्यातून सोडला की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तो फुलतो. उष्णता न सोसणारे ब१ घटते, स्टार्च इतका शिजून मोडतो की पचवायला फारसे काही उरतच नाही आणि रक्तातली साखर भराभर चढते. दातांनाही सुट्टी.

यावर ठरलेला आक्षेप असा, की प्रक्रिया तर आजीही करायची. करायचीच. पोहे, लाह्या, कुरमुरे ही प्रक्रियाच. मटकीला मोड आणले की लोह अडवणारे फायटेट कमी होते आणि लोह अधिक अंगी लागते. भांडण प्रक्रियेशी नाही, तिने काय काढले आणि काय घातले याच्याशी आहे. शंकरपाळीतही मैदा, साखर, तूप असतेच. पण ती मळून, लाटून, कापून, तळावी लागते. हा खटाटोप रोज कोण करणार? पुडा मात्र रोज फुटतो. आईबापांना वेळ नाही हे खरे, पण फुटाणे आणि शेंगदाणे तरी कोणाला शिजवावे लागतात? दुसरा आक्षेप अधिक हुशार आहे: काढलेले परत घातले तर हिशेब जुळला ना? अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी 2019 साली हा हिशेब जुळवूनच पाहिला. 20 प्रौढांपुढे दोन आठवडे साधे आणि दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले जेवण ठेवले. वाढलेले उष्मांक, साखर, मीठ, चोथा दोन्हीकडे सारखे; खायचे किती, ते ज्याचे त्याने ठरवायचे. अतिप्रक्रियेच्या पंधरवड्यात माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली. ते प्रौढ होते, हे मान्य. मुलांचा संयम अर्थातच दांडगा असतो.

सरकारही झोपलेले नाही. एप्रिल 2024 मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना सांगण्यात आले, की कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच नाही, तेव्हा बोर्नव्हिटासारखी पेये त्या कप्प्यातून हलवा. पेये हलली, डब्यातली साखर जिथल्या तिथे. शाळेपासून 50 मीटरच्या आत जादा मीठ, साखर, चरबीचा खाऊ विकायला 2020 च्या नियमाने बंदी आहे, म्हणजे एक्कावन्नाव्या मीटरवरच्या टपरीची सोय झाली. चिलीत 2016 पासून अशा पाकिटांवर काळे अष्टकोन छापतात, ते न वाचणाऱ्या पोरालाही कळतात. आपल्याकडच्या 2022 च्या मसुद्याने मात्र तारे सुचवले: अर्ध्यापासून पाचपर्यंत. शून्य कोणालाच नाही.