आवक टपालाचे सदनिकानिहाय मार्गनिर्धारण

पुनावळ्यातील बहुमजली गृहसंकुलांत येणाऱ्या टपालाचा विचार करताना, टपाल पत्त्यावर पोहोचणे आणि माणसापर्यंत पोहोचणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, हे अभ्यासकाने आधी ध्यानात घ्यावे. पहिल्या क्रियेची व्यवस्था श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी लावून दिली असून, १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आलेल्या त्यांच्या पिनकोडानुसार ४११०३३ मधील पहिले तीन अंक टपालाची छाननी करणारा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय दर्शवतात. २०२५ मध्ये आलेला दहा वर्णांचा डिजिपिन तर जेमतेम चार मीटरचा चौकोन दाखवतो; परंतु तो केवळ अक्षांश-रेखांशांवर बेतलेला असल्याने दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू आणि बाविसाव्या मजल्यावरचे मालक त्याच्या लेखी एकाच जागी राहतात. उंचीची ही उणीव जी यंत्रणा भरून काढते, तिला व्यवहारात वॉचमन म्हणतात.

या यंत्रणेस आज्ञा देण्यासाठी गेटवरील नोंदवहीत प्रत्येक सदनिकेपुढे वाटपाचा प्रकार लिहावा. ‘गेटवर ठेवा’, ‘दारात ठेवा, बेल वाजवू नका’ (बाळ झोपलेले असते) आणि ‘समोरच्या काकूंकडे द्या’ हे प्रकार रूढ असून, तिसऱ्यासाठी काकूंची संमती घेण्याची प्रथा अद्याप पडलेली नाही. चौथा प्रकार ‘खुद्द हाती’, म्हणजे नाव असलेल्या व्यक्तीस किंवा तिने लेखी नेमलेल्या माणसासच देणे. रजिस्टर टपालाचा हा बाणा १ सप्टेंबर २०२५ रोजी ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाल्यावरही, वेगळे शुल्क भरून टिकवता येतो. मात्र पोस्टमन ज्या वेळी दारात उभा असतो त्या वेळी खुद्द हात हिंजवडीत कळफलकावर असतात.

तेथे हेच रहिवासी कंपनीच्या टपाल-सर्व्हरला, अमक्याचा संदेश त्याच्या पेटीत टाकावा, तमक्याचा दुसऱ्या पत्त्यावर वळवावा, अशी कलमे बिनचूक लिहून देतात आणि शेवटी ‘अन्यथा’ हे कलम, म्हणजे कोणताच नियम लागू न पडल्यास काय करावे याची तजवीज, कधीही विसरत नाहीत. सोसायटीत ‘अन्यथा’चे काम वॉचमनच्या टेबलाचा खण करतो. सोडून गेलेल्या भाडेकरूंची बँकेची पाकिटे, कपाचा गोल डाग पडलेली लग्नपत्रिका, आणि ‘ए विंग’ की ‘टॉवर १’ या वादात अडकलेले एखादे आधार कार्ड तेथे सुखाने नांदते. वास्तविक भाडेकरूचे पाकीट ‘येथे राहत नाहीत’ असा शेरा मारून परत पाठवणे हाच शास्त्रोक्त मार्ग होय. परंतु त्यासाठी पेन लागते, आणि नोंदवहीला दोऱ्याने बांधलेले पेन खणापर्यंत पोहोचत नाही.

सुरक्षा एजन्सी बदलताच सर्व नियम शून्यावर येतात, हे गृहीत धरून नवी नियमावली तयार ठेवावी. तिची प्रत प्रत्येक सदनिकाधारकास खात्रीने मिळावी असे वाटत असल्यास ती वरीलपैकी कोणत्याही मार्गाने न पाठवता लिफ्टमध्ये चिकटवावी.