अवांछित रहिवासी

मत्स्यसंवर्धनाच्या पुस्तकांत माशांचे दोन वर्ग मानलेले आढळतात: ज्यांचे बीज दरवर्षी विकत आणून सोडावे लागते ते ‘संवर्धनयोग्य’ आणि जे आपण होऊन, फुकट, तलावात नांदतात ते ‘अवांछित’. गोंदिया जिल्ह्यात कोहळी समाजाने बांधलेल्या मामा तलावांवर, म्हणजेच माजी मालगुजारी तलावांवर, मासेमार ढिवरांच्या पिढ्या जगल्या. तेथील मरळ या व्याख्येने अवांछित ठरते, कारण ती साचल्या पाण्यातच वीण करते, पिलांची राखण स्वतः करते आणि त्यासाठी मंजुरीची वाट पाहत नाही. विकतची पिले ती गिळते, हा तिच्यावरचा दुसरा आरोप मात्र खरा आहे.

आता ‘वांछित’ कोण, हे रहिवासी दाखल्यावरून ठरवायचे म्हटले, तर मोठी पंचाईत होते. गवत्या आणि चंदेरा हे चिनी मासे भारतात 1959 साली आणले गेले, तर गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे जिल्ह्यापेक्षा चाळीस वर्षे ज्येष्ठ असलेल्या गवत्याला उपरा म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही, आणि मरळीपाशी तर मुळात कागदच नाही. या ज्येष्ठ नागरिकाचा आहार म्हणजे पाणवनस्पती, ज्यांच्या आडोशाने देशी मासे अंडी घालतात आणि ज्यांच्या तरंगत्या पानांवर कमळपक्षी घरटे करतो. ते सर्व फस्त करूनही तो तलावात वीत नाही, कारण त्याला वाहती नदी लागते. म्हणून पुढील वर्षी पुन्हा निविदा, पुन्हा प्राणवायू भरलेल्या पिशव्या, पुन्हा हार घातलेल्या पाहुण्यांच्या हस्ते मत्स्यबीज सोडण्याचे छायाचित्र. मरळीच्या विणीला कोणी हार घालत नाही, कारण तिचे बिल निघत नाही.

बीज सोडण्यापूर्वी तळे ‘स्वच्छ’ करण्याचा ग्रंथोक्त उपाय म्हणजे मोहाची पेंड, अर्थात मोहाच्या बियांचे तेल काढल्यावर उरणारा चोथा. मीटरभर खोल पाण्यात हेक्टरी सुमारे 2,500 किलो. तिच्यातील सॅपोनिन हे द्रव्य माशांच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. ज्या जिल्ह्याच्या रानात मोह उभा आहे, तेथील माशाला मोहानेच मारायचे, हा कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होण्याचा प्रकार शास्त्र म्हणून खपवला जातो. वास्तविक तो निव्वळ निलाजरेपणा आहे.

बाजारात मात्र या अवांछित मरळीचा भाव रोहूपेक्षा चढाच असतो.