सहल ससूनला न्या

डिसेंबर लागला की पुण्यातल्या शाळांच्या सहलींच्या बसगाड्या सुटतात. वॉटर पार्क, रिसॉर्ट, फार तर एखादा किल्ला. मुलांनी पाण्यात डुंबावं, याला कोण नाही म्हणेल? पण पहिली ते दहावीच्या दहा सहलींपैकी एक तरी रुग्णालयात का जाऊ नये? आणि तीही चकचकीत खासगी रुग्णालयात नको. तिथून मुलं जाहिरातीचं पत्रक आणि आईबाबांसाठी तपासणीचं सवलत-कूपन घेऊन परततात. सहल न्यायची ती ससूनला, आपल्या सरकारी रुग्णालयात.

ससूनमध्ये एक खोली स्मारक म्हणून जपलेली आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री तिथे गांधीजींचं अपेंडिक्स काढलं. येरवड्याचा कैदी, समोर इंग्रज सर्जन कर्नल मॅडॉक. डॉक्टरांवर आपला विश्वास आहे, असं निवेदन गांधीजींनी मवाळ नेते श्रीनिवास शास्त्री यांना सांगून लिहवून घेतलं आणि थरथरत्या हातानं त्यावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली. मग टॉर्चही विझला. उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. ज्या सरकारनं तुरुंगात टाकलं, त्याच सरकारच्या डॉक्टरच्या सुरीखाली हा माणूस निर्धास्त गेला! नागरिकशास्त्राच्या कुठल्या धड्यात हे इतकं भरलेलं सापडेल? आपल्या घरातल्या मुलानं ती खोली पाहिली आहे का, एकदा विचारा.

तिथून रक्तपेढीत जावं. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, एवढं कळलं तरी रक्तदानाची शिबिरं पुन्हा पुन्हा का भरवावी लागतात ते मुलांना उमगेल. लशी दोन ते आठ अंशांत सांभाळाव्या लागतात. तो फ्रिज आणि त्याच्यावरचं तापमान मुलांनी स्वतः वाचावं. शेवटी केसपेपरच्या खिडकीसमोर दहा मिनिटं नुसतं उभं राहावं. भोर-वेल्ह्याकडून पहिल्या एसटीनं आलेली माणसं त्या रांगेत असतात. आपल्या गावाचं सरकारी रुग्णालय कोणासाठी आहे आणि ते नीट चालणं का गरजेचं आहे, हे त्या रांगेत दिसतं.

वॉर्डात मात्र पाऊल टाकू नये. आजारी माणूस बघण्याची वस्तू नव्हे. मोबाइल बसमध्येच ठेवावेत, शिक्षकांनीसुद्धा.

‘मुलं घाबरतील’ हे उत्तर मला मान्य नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला, ती पुण्यातली शाळकरी मुलगी होती. मार्च २०२० मध्ये कोरोनाचे राज्यातले पहिले रुग्ण इथेच, नायडू रुग्णालयात दाखल झाले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोमची) साथ आली आणि घराघरांत पाणी उकळायला लागलं. १९५२ पासून विषाणूंचा माग काढणारी एनआयव्ही याच शहरात आहे. या मुलांनी साथी घरात बसून सोसल्या आहेत. भीती त्यांना आधीपासूनच ठाऊक आहे, कोणी समजावून सांगितलेलं मात्र नाही.

३ जानेवारीला शाळाशाळांत मुली सावित्रीबाईंच्या वेशात उभ्या राहतात. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई पुण्यातच गेल्या, हे भाषणात एका वाक्यात उरकतं. जयंतीच्याच जानेवारी महिन्यात, गांधीजींच्या शस्त्रक्रियेच्या १२ तारखेच्या आसपास, ही सहल काढता येईल. खर्च बसभाड्यापुरता.

मुख्याध्यापकांनो, ससूनच्या अधिष्ठात्यांना याच आठवड्यात पत्र लिहा : तीस मुलं, दोन शिक्षक, दोन तास, वॉर्ड वगळून. आणि अधिष्ठात्यांनी या पत्राला होकार द्यावा.