जाड पाहुण्याला दोन लाडू जास्त

माझ्या अकरा वर्षांच्या स्कूटरची पीयूसी संपली म्हणून परवा पंपावर गेलो. कोपऱ्यात ती नेहमीची पांढरी व्हॅन उभी होतीच. (तिची स्वतःची पीयूसी कोण काढत असेल, हा प्रश्न मला दर सहा महिन्यांनी पडतो.) आतल्या मुलाने मोबाइलवरची नजर न हलवता नंबर प्लेटचा फोटो काढला, सायलेन्सरमध्ये नळी घातली न घातली तोच बाहेर काढली आणि कागद हातात ठेवला. पास! हा कागद नसेल तर कायद्याने दहा हजारांपर्यंत दंड होतो, म्हणून मी तो देवाच्या अंगाऱ्यासारखा खिशात ठेवला.

नळीने मोजलं काय? पेट्रोलची गाडी असली तर जागच्या जागी फुरफुरणाऱ्या इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. डिझेलची असली तर धुराचा काळेपणा. फुप्फुसात उतरणाऱ्या बारीक कणांची मोजणी नाही, नायट्रोजनच्या ऑक्साइडांची नाही. आणि पृथ्वी तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला पास-नापास ठरवताना कुणी विचारतच नाही.

त्याची परीक्षा निराळी आहे आणि ती गाडीवाल्याची नाही, कंपन्यांची असते. तिचं नाव कॅफे. नाव ऐकून कुणी कटिंग मागवू नये. कंपनीने वर्षभरात विकलेल्या मोटारी किलोमीटरमागे सरासरी किती कार्बन डायऑक्साइड सोडतात, ते तिथे पाहतात. 2017 पासून मर्यादा 130 ग्रॅम, 2022 पासून 113. आता तुम्ही म्हणाल, 113 म्हणजे 113. छे! कंपनीच्या गाड्या सरासरीने जितक्या जड, तितकी तिची मर्यादा सैल. ठरवून दिलेल्या वजनाला 113, त्याच्या वर वजन गेलं की ग्रॅमही वर. पंगतीत पाहुण्यांना आधी काट्यावर उभं करायचं, जो जाड त्याच्या पानात दोन लाडू जास्त वाढायचे आणि वर सांगायचं, आमच्याकडे सध्या पथ्य चालू आहे.

गणितही तसंच लाडावलेलं. विजेवरची एक गाडी विकली की सरासरी काढताना ती तीन धरायची. पक्की हायब्रिड असली तर दोन. आमच्या वर्गातल्या पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या एकमेव मुलाला सरांनी तीनदा मोजलं असतं, तर वर्गाची सरासरी झकास दिसली असती. मी मात्र गणितात नापासच राहिलो असतो. नवं काही रुजवायला सुरुवातीला चार दिवस सूट दिली तर समजू शकतो. पण आपल्याकडे सूट एकदा घरात आली की जावयासारखी राहते.

नियमांचा पुढचा टप्पा एप्रिल 2027 चा. सप्टेंबर 2025 च्या मसुद्यात 909 किलोपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना खास सवलत सुचवली गेली आणि भांडण जुंपलं. छोट्या गाड्या विकणारे म्हणाले, गरिबाची गाडी वाचली. मोठ्या विकणारे म्हणाले, हा अन्याय. दोघांच्या तोंडी ग्राहक होता, रोजगार होता. श्वास घेणारा माणूस कुणाच्या वकीलपत्रात नव्हता.

नियम कडक केले की उद्योग बुडेल, ही आरोळी जुनीच. 29 मार्च 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, 1 एप्रिलपासून बीएस-3 या जुन्या धूर-मानकाच्या गाड्या विकायच्या नाहीत. कंपन्यांकडे आठ लाखांवर गाड्या पडून होत्या. पुढचे दोन दिवस शोरूमबाहेर अशी झुंबड उडाली, की दसऱ्यालाही तशी दिसत नाही. मग 2020 च्या 1 एप्रिलला बीएस-5 ची पायरी गाळून देश थेट बीएस-6 वर गेला. इंधनातलं गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 वर आलं. आणि उद्योग? 2023-24 मध्ये देशात 42 लाखांहून जास्त प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. असं बुडणं मला एकदा तरी जमावं.

तेव्हा ते जमलं, कारण तारीख हलली नाही आणि ती हलू न देणारं न्यायालय मागे उभं होतं. पण दरवेळी न्यायमूर्तींनीच पंप चालवायचा का? हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेतच आहे, हे मार्च 2024 मध्ये याच न्यायालयाने सांगितलं. त्या हक्कासाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. ग्लासगोच्या हवामान परिषदेत दिलेला निव्वळ शून्य उत्सर्जनाचा 2070 चा वायदा मात्र आहे. तेव्हा मी सत्त्याण्णव वर्षांचा असेन. तोवर ग्रॅमची मर्यादा गाडीच्या वजनाकडे न बघता लावली, एकाला एकच मोजलं आणि धूर पंपावर नव्हे तर चालत्या रस्त्यावर तपासला, तर मी वाढदिवसाला सगळ्यांना बोलावीन.

हे सगळं मनात घोळवत स्कूटर बाजूला घेतली. माझ्या मागे एक भलीमोठी डिझेलची गाडी उभी होती. आत मोजून एक माणूस, काचा बंद, एसी चालू. मुलाने दुसरी नळी काढली. दोन मिनिटांत तीही पास.

“काका,” मुलगा मला म्हणाला, “सुट्टे असतील तर बघा ना, या साहेबांना द्यायचेत.”