शहापूर-मुरबाडवर वेब सीरिज लिहिण्याची सोपी रीत

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यावर वेब सीरिज लिहायची असेल, तर तालुक्यात जाऊ नये, हा पहिला नियम. फारच हौस असेल तर आसनगाव स्टेशनाबाहेर वडापाव खावा आणि परतीची लोकल धरावी. माहुलीचे सुळके आणि माळशेजचे धबधबे ड्रोनवाला पावसाळ्यात टिपून आणतोच, लेखकाने 'सकाळ. गाव.' एवढे लिहिले की भागते. पात्रांच्या तोंडी सातारा-कोल्हापूरकडची बोली घालावी. इथले कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आपापल्या ढंगात बोलतात हे खरे. पण पडद्यावर ग्रामीण म्हणजे 'आरं' आणि 'व्हय' हे कधीच ठरून गेले आहे, आणि ठरलेले मोडण्याचे जादा मानधन मिळत नाही.

दुसरा नियम संघर्षाचा. लबाड सरपंच, त्याचा उनाड पोरगा, शहरातून बदलून आलेली शिक्षिका आणि एक पडका वाडा एवढ्यावर आठ भाग आरामात निघतात. पाण्याला मात्र हात लावू नये. तानसा धरण 1892 सालचे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांतले सगळ्यांत मोठे भातसा. दोन्ही शहापूर तालुक्यात. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. टँकरचा पाइप विहिरीत सोडला जातो, काठावर ताटकळलेल्या बाया एकदम पोहरे टाकतात, दोऱ्या एकमेकींत अडकतात आणि वर येते ते गढूळ पाणी हंड्यावर फडके धरून गाळले जाते. असा प्रसंग लिहून नेलात तर निर्माता म्हणेल, धरणाशेजारी तहान? हे प्रेक्षकाला पटायचे नाही. त्यापेक्षा वाड्यात हडळ ठेवावी. ती लगेच पटते.

यावर कोणी म्हणेल की 2020 साली आलेल्या 'पंचायत' या वेब सीरिजने चाकांच्या खुर्चीवरून आणि सौरदिव्यावरून अख्खे भाग रंगवले, मग आपल्याकडे काय कमी आहे? कमी काहीच नाही, उलट अडचण भरपूर असण्याची आहे. नोटाबंदीनंतर, डिसेंबर 2016 मध्ये, मुरबाड तालुक्यातल्या धसईला राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून मिरवण्यात आले. दुकानांच्या गल्ल्यांवर कार्डांची यंत्रे आली. मुरबाडकर वर्षानुवर्षे रेल्वेची वाट पाहत आहेत. 'पुढील भागात' ही पाटी इतका काळ टिकवणे कुठल्याही लेखकाला जमलेले नाही. एवढे सगळे आयते मिळाले तर लेखकाने कल्पनाशक्तीचे पैसे कोणत्या तोंडाने मागायचे?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो: हे विषय माहितीपटाचे, करमणुकीचे नव्हेत. पण पटकथेचे कोणतेही पुस्तक हेच सांगते की पात्राला काहीतरी हवे असावे आणि वाटेत अडथळा असावा. हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला काय हवे आहे हे सांगायला संवादसुद्धा लागत नाही, आणि तिचा अडथळा धरणाएवढा आहे. तेव्हा नाट्य नाही ही सबब टिकत नाही. बरे, तिथली माणसे कायम रडतात असेही नाही. पौषात म्हसाच्या यात्रेत बैलांचा भाव करणारा शेतकरी कोणत्याही विनोदी लेखकाला सहज विकून येईल.

खरी पंचाईत खलनायकाची आहे. या कथेत पाणी नेणारा दुष्ट माणूस शोधू गेले तर सापडत नाही. सापडतो तो अंधेरीच्या किंवा दादरच्या फ्लॅटमध्ये सीरिज मध्येच थांबवून, पाणी गाळणाऱ्या यंत्रातून ग्लास भरून घेणारा सभ्य प्रेक्षक. त्याने कोणाचे वाईट चिंतलेले नाही, पाणीपट्टीही वेळेवर भरतो. आणि नेमके त्यामुळेच त्याला दोषी ठरवणारा प्रसंग लिहिणे अवघड होते. शिवाय प्लॅटफॉर्मची वर्गणीही तोच भरतो. म्हणून नवोदितांना शेवटचा सल्ला असा की सरपंचालाच लबाड ठेवावे. त्याच्यावर सगळे ढकलले की प्रेक्षक निर्धास्त होतो, आणि निर्धास्त प्रेक्षक दुसरा सीझनही पाहतो.