टाकीतली वीज

चेअरमन : सर, लिफ्टच्या बॅकअपचा प्रश्न मिटला! दुपारी सोलरवर पंप लावायचा, गच्चीवरची टाकी भरायची. लाइट गेली की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. घाटघरला तेच करतात.

निवृत्त प्राध्यापक : करतात की. आपली टाकी केवढी?

चेअरमन : १०,००० लिटर! तीही २० मीटर उंचीवर.

प्राध्यापक : म्हणजे साधारण अर्धं युनिट.

चेअरमन : मिनिटाला?

प्राध्यापक : एकूण. त्यातही टर्बाइन आपलं कमिशन कापून घेणार.

चेअरमन : अहो, दहा टन पाणी आहे ते!

प्राध्यापक : वजन आहे हो, उंची कुठाय? घाटघरला ४०० मीटरहून जास्त उतार आहे आणि वर अख्खा जलाशय. तेव्हा कुठे २५० मेगावॅट निघतात. तुमच्या टाकीत आहे तेवढी ऊर्जा ५० ग्रॅम साजूक तुपात असते.

चेअरमन : (पोटावर हात ठेवत) एवढं तर काल पुरणपोळीवरच...

प्राध्यापक : म्हणजे टाकी तुम्ही घेऊनच फिरताय.

चेअरमन : मग इन्व्हर्टर?

प्राध्यापक : १५० अँपिअर-अवरची बॅटरी घ्या, १२ व्होल्टची. पावणेदोन युनिटं. वजन मात्र ६० किलोच्या आसपास. लिथियमचे सेल तेवढंच दहा-बारा किलोत देतील, पण किंमत ऐकून खजिनदार राजीनामा देतील.

चेअरमन : तो देतच नाहीये हो! बरं, पेट्रोल?

प्राध्यापक : लिटरात जवळपास ९ युनिटं.

चेअरमन : पाच बॅटऱ्या एका बाटलीत? मग जनरेटरच घेऊ!

प्राध्यापक : घ्या. त्या नवातली दोनेक युनिटं तुमच्या हाती लागतील. बाकीची उष्णता, धूर आणि तळमजल्यावरच्यांच्या शिव्या.

चेअरमन : आणि तो हायड्रोजन? पेपरात फार येतंय.

प्राध्यापक : वजनाला त्याला तोड नाही. किलोत ३३ युनिटं, पेट्रोलच्या पावणेतीनपट. पण वायू पडला. नुसता भरला तर तुमच्या टाकीत किलोभरसुद्धा मावणार नाही. म्हणून तर गाडीत तो हवेच्या ७०० पट दाबाखाली कोंबतात.

चेअरमन : किलोभर नाही, पण जेवढा मावेल त्यात?

प्राध्यापक : सत्तावीसेक युनिटं.

चेअरमन : अर्ध्याच्या जागी सत्तावीस! मग पाणी काढा आणि हाच भरा.

प्राध्यापक : भरा. एखादी ठिणगी पडली की बिल्डरशिवाय रिडेव्हलपमेंट.

चेअरमन : ...कॉर्पस फंड मिळेल?