मेल येतो, जात नाही

मुळशी तालुक्यात मोबाईलवरून ऑफिसचं काम करणाऱ्या माणसांची तक्रार ठरलेली असते: मेल येतो, जात नाही. साहेबांच्या सूचना येतात, ग्राहकाची चौकशी येते, जाहिराती तर न चुकता येतात. आपलं उत्तर मात्र आऊटबॉक्समध्ये पडून राहतं. मग ऑफिसातून फोन येतो, "अहो, तुम्ही पाठवलंच नाहीत." पाठवणारा शपथेवर सांगतो की पाठवलं. त्याने बटण दाबलेलं असतं, समोर काही पोचलेलं नसतं, आणि बोलणी बटण दाबणाऱ्याला खावी लागतात.

हे मला सहन होत नाही. ज्याची चूक नाही त्याला कामचुकार ठरवायचं आणि ज्यांनी व्यवस्था लावायची ते नामानिराळे!

हा प्रश्न फुटकळ वाटत असेल तर तालुक्यावर नजर टाका. हिंजवडी आणि माण इथलं आयटी पार्क याच तालुक्यात. पिरंगुटचे कारखाने आणि वर्कशॉप इथलेच. पौडला तहसील कचेरी, लवळ्याला विद्यापीठं, पुढे धरणाकाठी आणि ताम्हिणीच्या वाटेवर रिसॉर्ट. सुपरवायझर फोनवरूनच कोटेशन पाठवतो, साइटवरची मुलगी कामाचे फोटो पाठवते, मॅनेजर बुकिंगची खात्री पाठवतो. यातल्या अनेकांकडे लॅपटॉप नाही. फोन हेच त्यांचं ऑफिस. तिथून पत्र निघालं नाही तर काम गेलं.

पहिलं कारण डोंगराचं आहे आणि ते कुणी नीट सांगत नाही. टॉवर दहाहून अधिक वॅट ताकदीने बोलतो. तुमच्या हातातला 4जी फोन साधारण 0.2 वॅटच्या पुढे जात नाही. त्यामुळे सह्याद्रीच्या घडीत, धरणाच्या कडेला, टॉवरचा आवाज फोनपर्यंत येतो, फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचत नाही. पडद्यावर दोन कांड्या दिसतात, त्या टॉवरच्या ताकदीच्या; तुमच्या नव्हेत. म्हणून आलेला मेल उघडतो आणि फोटो जोडलेला मेल अडकतो. यात वापरणाऱ्याचा अडाणीपणा कुठे आला? मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं आणि तिथली वीज मुंबईला जाते, हे 1927 पासून चालू आहे. जो तालुका जवळपास शंभर वर्षं दुसऱ्यांचे दिवे लावतो, त्याने आपल्या खोऱ्यात पुरेसे टॉवर मागितले तर ती हौस नाही, हक्क आहे.

पण सगळं खापर डोंगरावर फोडू नका. भूगाव-भुकूमला, भर नेटवर्कमध्येही मेल अडकतात. तिथे दोष सेटिंगचा असतो.

येणारं आणि जाणारं टपाल फोनमध्ये वेगवेगळ्या दारांनी फिरतं. दोन दारं, दोन कुलपं, दोन किल्ल्या. येणाऱ्यासाठी बहुतेक ठिकाणी 993 क्रमांकाचं पोर्ट, जाणाऱ्यासाठी 587 किंवा 465. मेल पाठवण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, 1982 साली लिहिले गेले तेव्हा पाठवणाऱ्याला पासवर्ड विचारायची सोयच त्यात नव्हती. पुढे फुकट्या जाहिरातींचा पूर आला, तेव्हा 1998 मध्ये पाठवणाऱ्यांसाठी 587 वेगळं काढलं आणि 1999 मध्ये ओळख पटवण्याची रीत जोडली. जुनं 25 क्रमांकाचं पोर्ट आता कित्येक मोबाईल कंपन्या ग्राहकांसाठी बंदच ठेवतात. आणि तरीही छोट्या कंपनीचं मेल खातं लावून देणारा माणूस जुन्या कागदावरून 25 टाकून मोकळा होतो! ऑफिसच्या वायफायवर ते चालतं, फाटकाबाहेर पडलं की बंद. मग कामगार म्हणतो फोन खराब आहे आणि नवा फोन हप्त्यावर घेतो. नवा फोनही तेच करतो.

किल्लीचं, म्हणजे पासवर्डचं, तर विचारूच नका. कंपनीने पासवर्ड बदलला की फोन विचारतो, माणूस नवा टाकतो, मेल यायला लागतात. पण अनेक फोनांत जाणाऱ्या सर्व्हरचा पासवर्ड वेगळ्या पानावर जपलेला असतो. आयफोनमध्ये तर खात्याच्या आत, एसएमटीपी नावाच्या ओळीमागे. तिथे जुनाच राहतो. काही ॲपमध्ये "पाठवताना साइन-इन आवश्यक" अशी एक चौकट असते. ती रिकामी राहिली की सर्व्हर तुम्हाला ओळखत नाही आणि "रिले नाकारला" असं इंग्रजीत सुनावतो. ते वाचून पिरंगुटच्या सुपरवायझरने काय बोध घ्यावा?

येणं आणि जाणं दोन्ही बंद पडलं असेल तर कारण वेगळं. गुगलने 30 मे 2022 पासून नुसत्या पासवर्डवर चालणाऱ्या जुन्या ॲपना वैयक्तिक खात्यांत घेणं थांबवलं, आणि कंपन्यांच्या खात्यांसाठी ती सवलत 2025 मध्ये संपली. आता खातं नव्या साइन-इन पद्धतीने जोडावं लागतं, किंवा जिथे मुभा आहे तिथे 16 अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. खात्यातली जागा भरली तरी दोन्ही बाजू थांबतात. गुगलच्या फुकट खात्यात ही जागा 15 जीबी आणि त्यात तुमचे लग्नाचे फोटोही मोजले जातात.

जोडपत्राचंही ऐका. मेलमध्ये जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. कंपनीच्या सर्व्हरची मर्यादा 10 एमबी असेल तर 8 एमबीची पीडीएफ त्यात मावत नाही. ड्रॉइंग पाठवणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

शोध घ्यायचा तर भाबडेपणाने फोन बंद-चालू करत बसू नका. एक ओळीचा, काहीही न जोडलेला मेल पाठवा. तो गेला तर दोष फाइलचा किंवा रेंजचा. तो गेला नाही तर वायफाय सोडून मोबाईल डेटावर जा, किंवा उलट करा. आता गेला तर दोष आधीच्या नेटवर्कचा: तिथे पोर्ट अडलेलं किंवा रेंज अपुरी. तरीही नाही? ब्राउझरमधून खातं उघडून पाठवा. तिथून गेला म्हणजे खातं ठीक, फोनमधली सेटिंग चूक. बॅटरी सेव्हर चालू असेल तर तो बंद करा, कारण तो मागे चाललेली कामं दाबून टाकतो. फोनची तारीख-वेळही बघा; ती चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही.

आणि चूक सांगणाऱ्या संदेशातला आकडा टिपून ठेवा. तीन आकडे असतात, त्यातला पहिला महत्त्वाचा. 4 ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती, थोड्या वेळाने पुन्हा पाठवा. 5 ने सुरू झाला तर सर्व्हरने नकार दिला आहे, शंभरदा दाबून उपयोग नाही. 535 म्हणजे ओळख पटली नाही, पासवर्ड बघा. 552 म्हणजे बहुतेक वेळा फाइल मोठी. हा आकडा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला सांगितलात तर त्याला "नेटवर्क प्रॉब्लेम असेल" म्हणून फोन ठेवता येणार नाही.

आता कायद्याची बाजू, कारण इथे पैसे बुडतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000, कलम 13: दोन्ही बाजूंत वेगळं ठरलेलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पत्र रवाना झालं असं तेव्हा धरतात, जेव्हा ते पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक यंत्रणेत शिरतं. आऊटबॉक्स तुमच्या फोनमध्ये, तुमच्या ताब्यात. म्हणजे संध्याकाळी पाचच्या मुदतीचं टेंडर तुम्ही साडेचारला पाठवलंत आणि ते रात्री शहरात, कोथरूडला पोचल्यावर फोनमधून सुटलं, तर ते रात्रीच निघालं. "मी बटण दाबलं होतं" हा बचाव तिथे टिकणं कठीण. मग फोनने न गेलेल्या मेलची खबर अशी कोपऱ्यात, फिकट अक्षरांत का द्यावी? दुकानाची सवलत जाहीर करताना हाच फोन कंप पावतो, वाजतो, उजळतो. न गेलेल्या पत्रासाठीही तसाच वाजला पाहिजे, आणि मराठीत बोलला पाहिजे.

कंपन्यांकडे माझं मागणं साधं आहे. माणसाला फोनवर काम करायला लावता ना? मग त्याच्या फोनमधलं जाणारं टपाल तुम्ही लावून द्या, रुजू होण्याच्या दिवशी, मोबाईल डेटावर तपासून. पासवर्ड बदलाल तेव्हा दोन ठिकाणी बदलायचा असतो हे मराठीत लिहून कळवा. मुळशीच्या आत काम करणाऱ्याला मुदतीच्या कागदासाठी व्हॉट्सॲप किंवा फोनवरून पोच देण्याची मुभा द्या. आणि मेल आला नाही म्हणून कुणाचा पगार कापण्याआधी त्याचा आऊटबॉक्स उघडून बघा.

वाचकहो, तुम्हीही आज ऑफिस सुटण्याआधी तो उघडा. तिथे काही अडकलेलं दिसलं तर समोरच्याला लगेच फोन करून सांगा, आणि चूक सांगणाऱ्या त्या संदेशाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट जपून ठेवा.